कामावरून काढलं, वकिलाला पैसे नाहीत: विधी सेवा प्राधिकरणाची मोफत सेवा कितपत कामाची?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' अशी पाटी लावलेली एक खोली असते. लोकांना ती ठाऊक असते लोकअदालतीमुळे, नाहीतर पोटगीच्या दाव्यांमुळे. कामावरून काढलेला माणूस तिकडे सहसा फिरकत नाही. तो चार ओळखीच्यांना विचारतो, वकिलाची फी ऐकतो आणि 'कंपनीशी कोण भांडत बसणार' म्हणत दुसरी नोकरी शोधायला लागतो. त्या खोलीतून अशा माणसाला महाराष्ट्रात नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि गाडी कुठे अडते, याचं हे परीक्षण. ओघात कामगार आयुक्त कार्यालयाबद्दलही लिहावं लागेल, कारण बहुतेक प्रकरणं त्या दारातूनच पुढे जातात.

एकूण गुण पाचपैकी साडेतीन. पात्रतेचे नियम उत्तम, खर्च खरोखर शून्य. दीड गुण कापला आहे तो वकील मिळाल्यानंतरच्या टप्प्यासाठी.

पात्रता: पैकीच्या पैकी

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी त्याच्या कलम 12 मध्ये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार हे तिथले स्वतंत्र गट आहेत. उत्पन्नाची मर्यादा हा आणखी एक वेगळा गट. महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये आहे. यातला कुठलाही एक गट पुरतो. म्हणजे महिन्याला 32 हजार पगार असलेला मशीन ऑपरेटर उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नसला, तरी औद्योगिक कामगार म्हणून बसतो. नोकरदार महिलेला तर उत्पन्न विचारायचंच कारण नाही.

खिडकीवर मात्र पहिला प्रश्न बहुधा 'उत्पन्नाचा दाखला आणलाय का?' हाच येतो. हुज्जत घालू नका. अर्जातच लिहा: 'मी कलम 12 मधील औद्योगिक कामगार या गटातून अर्ज करत आहे.' सोबत नेमणूकपत्र, ओळखपत्र किंवा पगार स्लिप जोडा. लेखी मुद्दा आला की त्यावर लेखी निर्णय द्यावा लागतो. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते.

कामगार कोण, हे हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. हल्ली जो-तो 'एक्झिक्युटिव्ह' नाहीतर 'टीम लीडर' असतो. तुम्ही कोणाची रजा मंजूर करत होता का, कोणाला नेमायचा किंवा काढायचा अधिकार होता का, की दिवसभर स्क्रीनवरची कामंच उरकत होता? उत्तर दुसरं असेल तर व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असू दे, तुम्ही कामगार ठरू शकता. पर्यवेक्षकाचं काम करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा आहे: जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिना 10 हजार, नव्या औद्योगिक संबंध संहितेत 18 हजार.

खरेखुरे मॅनेजर या चौकटीत येत नाहीत. त्यांना दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे फार तर नोटीस काळाच्या पगाराइतकी भरपाई पदरात पडते, नोकरी परत मिळत नाही. खासगी शाळेच्या शिक्षकांचा रस्ता शाळा न्यायाधिकरणाचा, 1977 च्या कायद्याखाली, आणि अपिलाची मुदत आदेश हातात पडल्यापासून फक्त 30 दिवस. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. या तिघांनाही महिला, अनुसूचित जाती-जमाती किंवा उत्पन्न अशा दुसऱ्या गटातून मोफत वकील मिळू शकतो. खिडकीवर हे आपणहून कोणी सांगेल असं मात्र धरू नका.

अर्ज: सोपा, पण एक ओळ विसरू नका

अर्ज साध्या कागदावर चालतो, छापील नमुना तिथेच मिळतो, ऑनलाइनही करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथल्या माणसाने लिहून घ्यायचं, असा नियम आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. कागद तिथे दिला तरी चालतो. निर्णय जास्तीत जास्त सात दिवसांत व्हायला हवा. 15100 ही राष्ट्रीय हेल्पलाइन प्राथमिक सल्ल्याला आणि पत्ता विचारायला ठीक आहे. खटल्याचा सल्ला फोनवर घेऊ नये. समोर कागद नसताना दिलेला सल्ला अंदाजपंचेच असतो.

विसरू नये अशी ओळ: 'कामगार न्यायालयात नियमित काम करणारा वकील मिळावा.' प्राधिकरणाच्या पॅनेलवर सगळ्या प्रकारचे वकील असतात आणि त्यात फौजदारी व कौटुंबिक प्रकरणंवाले जास्त. तुम्ही काही मागितलं नाही तर यादीत पुढचं नाव ज्याचं, तो मिळतो. कामगार कायद्यातल्या मुदती, व्याख्या आणि न्यायालयाची पद्धत वेगळी असते. जामिनाच्या कामात हुशार असलेला वकीलही इथे चाचपडतो.

आणखी एक गोंधळ पाहायला मिळतो. प्राधिकरणाच्या कार्यालयात पगारी बचाव वकिलांची एक स्वतंत्र यंत्रणा असते. ती फौजदारी आरोपींसाठी आहे. तुमचं काम पॅनेल वकिलाकडे जायला हवं.

मुदत: इथे सेवा तुमची काळजी घेत नाही

अर्ज दिला म्हणून कायद्यातली मुदत थांबत नाही. वकील नेमायला दोन आठवडे लागले, त्याने कागद वाचायला महिना घेतला, की तो सगळा काळ तुमच्या खात्यातून वजा.

कामगारांसाठी सगळ्यात छोटी मुदत 90 दिवसांची. महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे. सूड म्हणून, खोटं कारण दाखवून किंवा घाईघाईत चौकशी उरकून काढलं असेल, तर त्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार करता येते. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागता येतो, हे या वाटेचं मोठं बळ. काढायची नुसती तयारी दिसत असतानाही जाता येतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावं लागतं.

दुसरी वाट समेट अधिकाऱ्याकडून, म्हणजे कामगार आयुक्त कार्यालयात दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून, जाणारी. जुन्या कायद्यात त्याच्याकडे अर्ज केल्यावर 45 दिवस उलटले की कामगाराला थेट न्यायालयात जाता यायचं, आणि काढल्यापासून तीन वर्षांची मर्यादा होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 45 दिवस तसेच राहिले, पण तीन वर्षांची दोन झाली. 'तीन वर्षं आहेत हो' असं कोणी सांगितलं, तर तो जुनं पुस्तक वाचतोय असं समजा.

दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालता येत नाही. 1971 च्या कायद्याखाली कारवाई सुरू केली की त्याच मुद्द्यावर दुसरं दार बंद होतं. कंत्राटदाराच्या नावावर लावलेल्या कामगारांनी तर इथे फारच जपावं. कंपनीने 'हा आमचा माणूसच नाही' म्हटलं, तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार तिथेच अडते. मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी दुसऱ्या मंचावर सिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ठरवून दिलं आहे. त्यांची वाट समेटाची, आणि अर्जात कंत्राटदार व मुख्य कंपनी दोघांची नावं हवीत. म्हणून पॅनेल वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचा पहिला प्रश्न: 'कुठल्या कायद्याखाली जायचं आणि का?' उत्तर देताना त्याने तुमच्याकडे नेमणुकीचे कागद मागितले नाहीत, तर सावध व्हा.

वकील मिळेपर्यंत करायचं काम

पहिलं पत्र स्वतः लिहा, शक्यतो त्याच आठवड्यात. तोंडी काढलं असेल, गेटवर अडवलं असेल, तर एवढा मजकूर पुरतो:

'मी दि. … पासून आपल्या आस्थापनेत … या पदावर काम करत आहे. दि. … रोजी सकाळी … वाजता मला गेटवर आत येण्यास मनाई करण्यात आली. मला कोणतीही नोटीस, आरोपपत्र किंवा हिशोब दिलेला नाही. मी कामावर हजर होण्यास तयार आहे. मला मागील पगारासह व सेवेत खंड न धरता कामावर घ्यावे.'

यातलं चौथं वाक्य सोन्याचं आहे. कंपनीचा ठरलेला बचाव असतो: 'आम्ही काढलंच नाही, तो स्वतःहून यायचा बंद झाला.' हजर व्हायची तयारी तारखेनिशी कागदावर असली की हा बचाव लंगडा पडतो. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा, ईमेलही करा, आणि दोन्हींच्या प्रती फाईलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज असतील तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनला वजन जास्त.

राजीनामा लिहून घेतला असेल तर प्रकरण अवघड होतं, मोडत मात्र नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, 'हा राजीनामा दबावाखाली घेतला आहे, मी तो मागे घेत आहे' असं लेखी कळवा. दोन महिन्यांनी, हिशोबाचे पैसे खर्च झाल्यावर हेच लिहिलं, तर न्यायालयात पहिला प्रश्न या दोन महिन्यांवरच येतो.

एक वर्षाची सलग सेवा दाखवायला आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम झालेलं असावं लागतं. हजेरी कार्ड कंपनीकडे असतं, म्हणून पीएफचं पासबुक आजच डाउनलोड करा. महिन्यागणिक जमा आणि मालकाचं नाव, दोन्ही त्यात दिसतं. ईएसआयचं कार्ड, बँकेत पगार जमा झालेल्या नोंदी, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, कामाच्या ग्रुपवरचे शिफ्टचे मेसेज, सगळं जमवा. 240 दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे. कंपनीकडचं रजिस्टर मागवायचा अर्ज वकिलाने करायचा असतो, आणि तो व्हायचा राहून जातो, आठवण करा.

काम कमी झालं म्हणून काढलं असेल तर हिशोब करून बघा. एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. सात वर्षं सात महिने झाले असतील तर आठ वर्षं, म्हणजे 120 दिवसांचा पगार. हे पैसे काढतानाच द्यायचे असतात. नंतर सावकाश दिले तर काढणंच बेकायदा ठरू शकतं. चेक घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर 'हक्क राखून स्वीकारले' असं स्वतःच्या हाताने लिहा. कंपनी लिहू देत नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा.

समेट: फुकट, आणि वाटतं त्यापेक्षा उपयोगी

कामगार आयुक्त कार्यालयात समेटाला फी नाही, आणि कंपनीलाही तिथे वकील आणता येत नाही. समोर बहुतेक वेळा एचआर येतो. बँका, विमा, बंदरं, रेल्वे, खाणी यांचे विवाद केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जातात. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर टेबलांवर फिरतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, कारण 45 दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

इथला नेहमीचा सापळा असा. समेटाच्या दुसऱ्या तारखेला कंपनी म्हणते, 'आम्ही कधी नको म्हटलं? उद्या येऊ दे कामावर.' कामगाराला वाटतं, हे नाटक आहे, आणि तो नाही म्हणतो. झालं, मागचा पगार तिथेच धोक्यात आला. जायचं. ठरल्या वेळी गेटवर हजर व्हायचं, सोबत एखादा साक्षीदार ठेवायचा. आत घेतलं तर काम सुरू करायचं आणि मागच्या पगाराची मागणी चालू ठेवायची. घेतलं नाही तर तासाभरात समेट अधिकाऱ्याला ईमेल: 'आज सकाळी 8 वाजता हजर झालो, अमुक सुरक्षारक्षकाने परत पाठवलं.'

कामगार संघटनेचा पदाधिकारी समेटात आणि न्यायालयातही तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. या टप्प्यावर जाणता पदाधिकारी नवख्या वकिलापेक्षा कितीतरी बरा. वर्गणी थोडी असते. मिळालेल्या रकमेतला काही हिस्सा मागणार असतील तर ते आधी विचारून घ्या, नंतर कटकट नको.

वकील: दीड गुण इथे गेला

पॅनेल वकिलाची फी प्राधिकरण देतं. न्यायालयाची फी, टायपिंग, प्रती, भाषांतर हेही त्यात येतं. 'झेरॉक्सचे तेवढे द्या' पासून सुरू होणारी मागणी बेकायदा आहे. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव न्यायिक अधिकारी असतात, तक्रारीला वजन पडतं.

अडचण पैशांची नसतेच. प्राधिकरणाचं मानधन खासगी फीच्या मानाने तुटपुंजं, त्यामुळे चांगल्या कामगार वकिलाला यात फारसा रस नसतो, आणि ज्याला असतो त्याच्याकडे गर्दी असते. परिणाम दिसतो तो तारखांना: वकील दुसऱ्या कोर्टात, तुम्ही बाकावर, रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, 'अर्जदाराचे वकील गैरहजर'. लागोपाठ असं झालं तर प्रकरण काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहा, वकील नसेल तर उठून उभे राहा आणि 'मी अर्जदार, हजर आहे' एवढं सांगा. वकील बदलून मागता येतो. त्यासाठी 'वकील नीट बघत नाही' असं मोघम लिहून काही होत नाही. कुठल्या तीन तारखांना आले नाहीत, कुठला अर्ज दाखल झाला नाही, असं लिहा. प्राधिकरणाच्या निरीक्षण समितीचं कामच अशा प्रकरणांवर लक्ष ठेवण्याचं आहे.

आणखी एक बारकावा. समेटाच्या वाटेने न्यायालयात गेलेल्या प्रकरणात वकील उभा राहायला समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. कंपनी स्वतः वकील घेऊन आली असेल तर तिला तुमच्या वकिलाला हरकत घेणं अवघड जातं. पण कंपनीने आपला अधिकारी पाठवून हरकत घेतली, तर प्रकरण काही तारखा तिथेच अडकतं. वकिलाला हे आधीच विचारून ठेवा.

मागचा पगार मागताना 'काढल्यापासून मला दुसरी नोकरी नाही' हे विधान दाव्यात आणि प्रतिज्ञापत्रात हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका शिक्षिकेच्या प्रकरणात हे नीट मांडलं: चुकीने काढलं असेल तर मागच्या पगारासह पुन्हा नोकरी हा सर्वसाधारण नियम, पण कामगाराने आपण बेकार असल्याचं म्हणायला हवं, त्यानंतर उलट सिद्ध करणं मालकाकडे. नवखा वकील हे वाक्य विसरतो. आणि खरोखर कुठे काम करत असाल तर लपवू नका. नव्या नोकरीचा पीएफ त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) जमा होतो. उलटतपासात ते उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. रोजंदारीवर थोडा काळ काम केलेल्यांनी पुन्हा नोकरीची फार आशा धरू नये. अशा प्रकरणांत न्यायालयं बरेचदा एकरकमी भरपाईवर थांबतात.

लोकअदालत: सहीआधी वाचा

प्रकरण प्राधिकरणाकडून आलेलं असलं की लोकअदालतीत ठेवायचा आग्रह होतोच. वाईट नाही. निकाल लगेच लागतो आणि त्याची दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होते. पण त्यावर अपील नाही. तडजोडीच्या मसुद्यात 'सर्व देणी पूर्ण व अंतिम' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस आणि भरपाई या चार ओळी वेगवेगळ्या रकमांसह लिहून घ्या. नाहीतर तीन लाख मिळाले म्हणून खूश झालेल्या माणसाला नंतर कळतं की त्यातले पावणेदोन लाख ग्रॅच्युइटीचे होते, जे त्याला भांडण न करताही मिळणार होते. पैसे किती तारखेला, कुठल्या खात्यात, आणि चुकले तर व्याज किती, हेही त्याच कागदावर.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर जिल्ह्याचा पॅनेल वकील तिथे आपोआप येत नाही. उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे नवा अर्ज करावा लागतो; जुन्या मंजुरीपत्राची प्रत, निकालाची प्रमाणित प्रत आणि कंपनीच्या याचिकेची नोटीस जोडा. अर्जासोबत वकिलाला एक गोष्ट आठवणीने सांगा: पुन्हा कामावर घेण्याच्या निकालाविरुद्ध मालक वर गेला, तर तिथलं प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार मिळायची तरतूद आहे, पण 'मी दुसरीकडे नोकरीला नाही' असं प्रतिज्ञापत्र दाखल केल्यावरच.